वाचकांचे प्रश्न : शोध विलायतेचा की अमेरिकेचा?

मागील अंकातील विजेवरील लेखात ‘एडिसनने दिवा शोधला’ असे एक वाक्य सहज येऊन गेले होते. त्यावरून खानदेशातील वाचकांची अपेक्षेपेक्षा बरीच अधिक पत्रे आली. इंग्रज आणि अमेरिकन यांच्यात आधुनिक यंत्रांच्या जनकत्वावरून दीड-दोनशे वर्षे चाललेल्या वादाकडे त्यांपैकी बहुतेक पत्रांचा रोख होता, म्हणून या वेळचे सदर त्या एकाच विषयाला दिले आहे.

प्रश्न : आमच्या शाळेच्या प्रश्नमंजूषेत ‘विजेच्या दिव्याचा शोध कोणी लावला?’ या प्रश्नाला आठवीच्या एका विद्यार्थ्याने ‘जोसेफ स्वान’ असे उत्तर लिहिले. परीक्षकांनी ते चूक धरले. मुलाच्या वडिलांची तक्रार आली आहे. गुण द्यावेत का?
— एक विज्ञान शिक्षक, पारोळा

उत्तर : गुण अवश्य द्यावेत, आणि पुढच्या वेळी प्रश्न अधिक नेमका विचारावा. जोसेफ स्वान हे इंग्लंडच्या उत्तर भागातील न्यूकॅसल शहरात काम करणारे रसायनशास्त्रज्ञ होते. निर्वात काचेच्या गोळ्यात कार्बन तापवून उजेड पाडण्याची त्यांची खटपट १८६० च्या आसपासची आहे. परंतु गोळ्यातील हवा पुरेशी काढून घेता येत नसल्यामुळे कार्बन लवकर जळून जाई आणि प्रयोग तिथेच थांबे. पुढे १८६५ मध्ये हर्मान श्प्रेंगेल या लंडनमध्ये राहणाऱ्या जर्मन रसायनज्ञाने पाऱ्याचा पंप तयार केला आणि ही अडचण सुटण्याची वाट मोकळी झाली. स्वान यांनी १८७८ च्या डिसेंबरात न्यूकॅसलमध्ये आणि १८७९ च्या फेब्रुवारीत पुन्हा तेथेच, भर सभेत, आपला दिवा लोकांसमोर ठेवला. एडिसन यांचा कार्बन केलेल्या सुती दोऱ्याचा दिवा त्यानंतरचा, १८७९ च्या ऑक्टोबरातील. तो १३-१४ तास जळला आणि त्याचे अमेरिकी पेटंट २७ जानेवारी १८८० रोजी मिळाले. केवळ तारखा पाहिल्या तर आपला विद्यार्थी बरोबर आहे.

मात्र एडिसन यांचे श्रेय फुकटचे आहे असे त्यावरून कोणी समजू नये. स्वान यांच्या सुरुवातीच्या दिव्यातील कार्बनची कांडी जाड होती आणि तिचा विद्युतरोध कमी होता. असा दिवा पेटवायचा तर विद्युतप्रवाह मोठा लागतो, आणि मोठा प्रवाह दूरवर न्यायचा तर तांब्याची तार जाड लागते. विहिरीवरच्या मोटारीसाठी ज्याने बांधापलीकडून केबल ओढून आणली आहे, त्याला तारेची जाडी वाढली की खर्च कुठल्या कुठे जातो हे निराळे सांगावे लागणार नाही. एडिसन यांना एक दिवा नव्हे, तर अख्खी पेठ उजळायची होती. त्यासाठी त्यांनी मुद्दाम बारीक आणि जास्त रोधाचा तंतू धरला, म्हणजे थोड्या प्रवाहात काम भागेल आणि तांबे वाचेल; त्याबरोबरच जनित्र, मीटर, फ्यूज, जमिनीखालच्या तारा अशी सगळी मांडणी त्यांनी उभी केली. गंमत अशी की त्यांचे न्यूयॉर्कमधील प्रसिद्ध पर्ल स्ट्रीट वीजकेंद्र १८८२ च्या सप्टेंबरात सुरू झाले खरे, पण त्याच्या काही महिने आधीच त्यांच्या माणसांनी लंडनच्या होबर्न व्हायाडक्ट भागात वीजकेंद्र चालवून दाखवले होते. उलट न्यूकॅसलजवळच्या क्रॅगसाइड या वाड्यात स्वान यांचे दिवे १८८० मध्येच लागले होते. ब्रिटनमध्ये स्वान यांना कोर्टात खेचून आपला निभाव लागणार नाही, कारण त्यांनी दिवा आधीच जाहीर दाखवला आहे, हे एडिसन यांच्या बाजूच्या लोकांना उमगले असावे; १८८३ मध्ये दोघांच्या कंपन्या एकत्र झाल्या आणि ‘एडिस्वान’ या जोडनावाने दिवे विकू लागल्या. ज्यांचा वाद होता ते दोघे चार वर्षांत भागीदार झाले आणि भांडण मात्र पुढच्या पिढ्यांनी चालू ठेवले.

प्रश्न : आमच्या बंद पडलेल्या जिनिंगमधील बिडाच्या जुन्या यंत्रावर इंग्लंडमधील ओल्डहॅम गावाचे नाव ओतलेले आहे, पण जुने मिस्त्री त्या यंत्राला ‘मॅकार्थी’ म्हणत. हा मॅकार्थी इंग्रज होता का?
— एक कापूस व्यापारी, धरणगाव

उत्तर : नाही, तो अमेरिकन होता. फोन्स मॅकार्थी यांनी १८४० मध्ये या जिनचे, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करण्याच्या यंत्राचे, पेटंट अमेरिकेत घेतले. त्यापूर्वी तेथे एली व्हिटनी यांची, १७९४ मध्ये पेटंट मिळालेली, दातेरी जिन सर्वत्र होती. ती काम झपाट्याने उरकते, पण धाग्याला इजा करते. मॅकार्थींच्या यंत्रात चामड्याचा रोलर रुई ओढून घेतो, त्याला चिकटून असलेली स्थिर सुरी सरकी अडवून धरते आणि वरखाली हलणारी दुसरी सुरी ठोके देऊन सरकी मोकळी करते. आपल्याकडच्या लाकडी चरकीतही दोन लाटांमधून रुईच पुढे जाई आणि सरकी मागे राही, त्यामुळे हे यंत्र आपल्या माणसांच्या हाती लगेच बसले. आजच्या डबल रोलर जिनचे मूळ तत्त्व तेच आहे. ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीने या जिन मोठ्या प्रमाणावर तयार करून बाहेरदेशी विकल्या. अमेरिकेतील यादवी युद्धात, म्हणजे १८६१ ते १८६५ या काळात, तेथील कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला आणि गिरणीवाल्यांची नजर खानदेश-वऱ्हाडच्या कापसाकडे वळली. रेल्वेही त्याच दशकात जळगाव-भुसावळपर्यंत आली. आपल्या यंत्रावर कारखान्याचे गाव इंग्लंडचे आणि मिस्त्रींच्या तोंडी नाव अमेरिकेचे असण्यात म्हणूनच काही विसंगती नाही.

याच धंद्यातील उलट दिशेचे उदाहरणही सांगतो. सूतकताईची यंत्रे आणि ती जाणणारे कारागीर देशाबाहेर जाऊ नयेत म्हणून इंग्लंडने कायदे केले होते. सॅम्युएल स्लेटर हा तरुण १७८९ मध्ये कोणताही नकाशा जवळ न बाळगता, सगळी यंत्ररचना डोक्यात साठवून अमेरिकेला गेला आणि ऱ्होड आयलंडमधील पॉटकेट येथे त्याने आर्कराइट पद्धतीची यंत्रे उभी केली. अमेरिकेत त्याला उद्योगाचा जनक म्हणतात आणि त्याच्या जन्मगावच्या परिसरात फितूर.

प्रश्न : आमच्या पुस्तकात पहिला इलेक्ट्रॉनिक संगणक ‘एनिअ‍ॅक’ असे दिले आहे. इंग्रज ‘कोलोसस’चे नाव घेतात. खरे काय मानायचे?
— महाविद्यालयीन विद्यार्थिनी, अमळनेर

उत्तर : एनिअ‍ॅक हे यंत्र फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात तयार झाले आणि १९४६ च्या फेब्रुवारीत वार्ताहरांसमोर गाजावाजा करून उघड करण्यात आले. त्यात सुमारे १८,००० निर्वात नळ्या (विजेचा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या काचेच्या नळ्या) होत्या. कोलोसस त्याच्या दोन वर्षे आधी, १९४४ च्या आरंभी, इंग्लंडच्या ब्लेचली पार्कमध्ये कामाला लागला होता. पण तेव्हा त्याचे नावही बाहेर कोणाला ठाऊक नव्हते. जर्मन लष्करातील वरिष्ठांचे लॉरेन्झ यंत्रावरून जाणारे सांकेतिक संदेश फोडण्यासाठी तो बांधला होता. बांधणारे टॉमी फ्लॉवर्स हे टपाल खात्याच्या संशोधन केंद्रातील अभियंता. इतक्या नळ्या एकत्र लावल्या तर रोज एखादी तरी जळणार आणि यंत्र सतत बंद पडणार, असे जाणकार म्हणत होते. टेलिफोन केंद्रातील अनुभवावरून फ्लॉवर्स यांना माहीत होते की नळ्या प्रामुख्याने चालू-बंद करताना दगावतात. यंत्र चालूच ठेवले तर त्या टिकतात. पहिल्या कोलोससमध्ये सुमारे १,६०० नळ्या होत्या, आणि युद्ध संपेपर्यंत अशी दहा यंत्रे कामावर होती.

नंतर जे घडले त्यामुळे इंग्रजांची बाजू पडली. बहुतेक यंत्रे मोडून टाकण्यात आली, आराखडे जाळण्याची आज्ञा झाली आणि तेथे काम केलेल्या सर्वांनी तोंड बंद ठेवले. फ्लॉवर्स यांनी युद्धानंतर नवे यंत्र बांधण्यासाठी बँक ऑफ इंग्लंडकडे कर्ज मागितले, तेव्हा असे यंत्र चालणारच नाही म्हणून त्यांना नकार मिळाला. आणि ‘मी ते चालवून दाखवले आहे’ असे सांगण्याची त्यांना मुभा नव्हती. कोलोससची हकिगत जगासमोर येऊ लागली ती १९७० च्या दशकात. तोवर एनिअ‍ॅकचे नाव शाळेच्या पुस्तकांत पक्के बसून गेले होते.

त्याच दशकात अमेरिकेतही एक धक्का बसला. आयोवातील जॉन अ‍ॅटनासॉफ आणि क्लिफर्ड बेरी यांच्या १९४० च्या सुमाराच्या यंत्रातून मूळ कल्पना घेतली गेली, असे ठरवून तेथील न्यायालयाने १९ ऑक्टोबर १९७३ रोजी एनिअ‍ॅकचे पेटंटच रद्द केले. शिवाय जर्मनीत कोनराड त्सूझ यांनी १९४१ मध्येच आज्ञावलीवर चालणारे यंत्र बांधले होते, ते इलेक्ट्रॉनिक नव्हते, विद्युतचुंबकीय रिलेंचे (विजेने उघडझाप होणाऱ्या यांत्रिक कळांचे) होते एवढेच. आज आपण ज्याला संगणक म्हणतो त्याची खूण, म्हणजे आज्ञावली यंत्राच्याच स्मृतीत साठवणे, पाहायची असेल तर मान मँचेस्टर विद्यापीठातील ‘बेबी’ या लहान यंत्राला जातो. २१ जून १९४८ रोजी त्यावर पहिली आज्ञावली चालली. परीक्षेत मात्र पुस्तकातलेच उत्तर लिहावे आणि शक्य असल्यास पुढे ‘जाहीर झालेला’ हा शब्द जोडावा. तेवढ्याने ते खरे होते.

गुप्ततेचा हाच खेळ पुन्हा एकदा झाला. बँकेच्या संकेतस्थळावर आपण पासवर्ड टाकतो तेव्हा तो सुरक्षित राहण्यास आधार देणारी सार्वजनिक किल्लीची पद्धत अमेरिकेतील डिफी आणि हेलमन यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केली. ब्रिटनच्या गुप्तवार्ता संस्थेत जेम्स एलिस यांना ती कल्पना १९७० मध्ये, आणि क्लिफर्ड कॉक्स यांना तिची प्रत्यक्ष गणिती रीत १९७३ मध्ये सापडली होती. हे जाहीर झाले १९९७ च्या डिसेंबरात; एलिस त्याच्या आदल्याच महिन्यात वारले होते.

आपण अमळनेरच्या आहात म्हणून एक विषयांतर. जे. लायन्स या लंडनच्या चहाची दुकाने चालवणाऱ्या कंपनीने १९५१ मध्ये आपल्या बेकरीच्या हिशेबासाठी ‘लिओ’ नावाचा स्वतःचा संगणक बांधला होता. तेव्हा हसण्यासारखे काही नाही: विप्रो कंपनीचा जन्मही १९४५ मध्ये आपल्याच गावी, वनस्पती तुपाच्या कारखान्यातून झाला.

प्रश्न : मी व्हॅक्यूम ब्रेकच्या गाडीवर नोकरी सुरू केली आणि एअर ब्रेकच्या गाडीवरून निवृत्त झालो. ‘इंग्रजांनी शोधावे आणि अमेरिकनांनी कमवावे’ असे म्हणतात. रेल्वेत तर मला उलटे दिसले. आपले मत काय?
— निवृत्त गार्ड, भुसावळ

उत्तर : आपले निरीक्षण मार्मिक आहे. दाबाच्या हवेचा ब्रेक जॉर्ज वेस्टिंगहाउस या अमेरिकनाने १८६९ मध्ये आणला. १८८९ मध्ये आयर्लंडमधील आर्मा येथे सुटलेले डबे उतारावरून मागे घसरून भीषण अपघात झाला, तेव्हा ब्रिटिश संसदेने प्रवासी गाड्यांना आपोआप लागणाऱ्या ब्रेकची सक्ती केली. परंतु तेथील बहुतेक कंपन्यांनी व्हॅक्यूम, म्हणजे निर्वाताच्या जोरावर चालणारा ब्रेकच पसंत केला आणि तोच आपल्याकडे आला. निर्वाताचा जोर वातावरणाच्या दाबापलीकडे जाऊ शकत नाही, म्हणून सिलिंडर मोठा लागतो. हवा मात्र कितीतरी पट दाबता येते. लांब आणि जड मालगाड्या आल्यावर इंग्रजांनाही अखेर एअर ब्रेककडे वळावे लागले, आणि आपल्याला त्यांच्या मागून. हा हट्ट इंग्रजांना महाग पडला, असे मला स्पष्टपणे वाटते.

आपण उद्धृत केलेल्या उक्तीला आधार आहे तो जेट इंजिनाचा. फ्रँक व्हिटल यांनी १९३० मध्ये त्याचे पेटंट मागितले. १९३५ मध्ये नूतनीकरणाचे पाच पौंड भरण्यास हवाई मंत्रालयाने नकार दिला आणि पेटंट गेले. त्यांचे इंजिन जमिनीवर चालले १२ एप्रिल १९३७ रोजी, पण विमान आधी उडवले जर्मनांनी, १९३९ च्या ऑगस्टमध्ये. युद्धात ब्रिटनने व्हिटल यांचे एक इंजिन १९४१ च्या ऑक्टोबरात जनरल इलेक्ट्रिककडे पाठवले आणि वर्षभरात अमेरिकेचे जेट विमान आकाशात होते. याला चोरी म्हणता येत नाही, कारण ते ठरवून दिले होते. युद्धात गुंतलेल्या देशाला कारखान्यांचे बळ हवे होते. शिवाय युद्धानंतर अमेरिकी नौदलाच्या विमानांत रोल्स-रॉइसच्या ‘नीन’ इंजिनाची परवान्यावर बांधलेली आवृत्ती बसलीच, म्हणजे पैसा दोन्ही दिशांना वाहिला.

प्रश्न : टेलिफोनचे बेल ब्रिटिश की अमेरिकन?
— एक वाचक, शहादा

उत्तर : जन्म १८४७ मध्ये स्कॉटलंडमधील एडिंबरा येथे, १८७० पासून कुटुंब कॅनडात, काम बॉस्टनमध्ये, पेटंट ७ मार्च १८७६ चे अमेरिकेचे, अमेरिकी नागरिकत्व १८८२ मध्ये आणि मृत्यू १९२२ मध्ये कॅनडात. पेटंटच्या वेळी ते कायद्याने ब्रिटिश प्रजाजन होते, हे इंग्रज आवर्जून सांगतात. त्यांचा अर्ज १४ फेब्रुवारी १८७६ रोजी दाखल झाला, त्याच दिवशी अमेरिकेच्या एलिशा ग्रे यांनीही टेलिफोनची पूर्वसूचना त्याच कार्यालयात दिली होती. पुढे २००२ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने टेलिफोनच्या कामाबद्दल इटलीहून आलेल्या अंतोनिओ म्यूची यांच्या गौरवाचा ठराव केला, तेव्हा त्याच महिन्यात कॅनडाच्या संसदेने बेल यांच्या बाजूने ठराव करून उत्तर दिले.