‘वाकता येत नाही’ की ‘वाकवत नाही’?

फिजिओथेरपी शिकणाऱ्या एका मुलीने विचारलं आहे: हमालांच्या कंबरदुखीवर मराठीत प्रश्नावली करते आहे, तर ‘डिसॅबिलिटी’ला अपंगत्व म्हणू, विकलांगता की दिव्यांगत्व?

प्रमाणपत्राचा विषय असेल तर दिव्यांगत्व. सरकारी कागदावर आता तोच शब्द चालतो. प्रश्नावलीत मात्र मला तिन्ही नको वाटतात. विकलांग आणि दिव्यांग या दोन्हींत ‘अंग’ बसलेलं आहे, आणि अपंग म्हटलं की हात किंवा पाय गमावलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. कंबर धरलेल्या हमालाचे हातपाय शाबूत असतात, एक्स-रेतही पुष्कळदा खास काही दिसत नाही. त्याचं जातं ते काम. म्हणून ‘कामातली अक्षमता’ म्हणा.

हा भेद न्यायालयानेही मानलेला आहे. 1975 साली सर्वोच्च न्यायालयापुढे एका सुताराचं प्रकरण होतं. त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून ती अक्षमता अंशतः नव्हे, पूर्ण धरली गेली. ज्या 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याखाली हे झालं, त्याच्या तक्त्यात कापलेल्या बोटांचेही टक्के दिलेले होते, पण कंबरेची उसण त्यात नव्हती. तक्त्याबाहेरच्या इजेने कमाईची ताकद किती घटली, ते डॉक्टरांनी ठरवायचं. म्हणजे सगळा भार विचारण्यावर आला.

आणि विचारण्यासाठी मराठीत एक फार नेमकं रूप आहे. शाळेत आपण त्याला शक्य क्रियापद म्हणायचो: मला चालवतं, त्याला जिना चढवतो. ‘पोहता येत नाही’ म्हणजे बहुधा शिकलोच नाही. ‘पोहवत नाही’ म्हणजे शरीर साथ देत नाही. कंबरदुखीचं दुखणं या ‘-वत नाही’त आहे: वाकवत नाही, बसवत नाही, कुशीवर वळवत नाही.

माझे मामा मार्केट यार्डात हमाली करायचे. तपासणीत त्यांना विचारलं, “पन्नास किलोचं पोतं उचलू शकता का?” मामा म्हणाले, “उचलतो की.” कागदावर ‘हो’ पडलं. बाहेर आल्यावर मामीला म्हणाले, “उचलवत नाही गं, पण उचलतो.” मजुरी पोत्यावर होती, दुसरं काय करणार? तिथे ‘उचलवतं का?’ असं विचारलं असतं तर खरं उत्तर आलं असतं, याची मला खात्री आहे.

इंग्लंडातल्या ऑस्वेस्ट्री गावाच्या नावाची कंबरदुखीची प्रश्नावली 1980 पासून वापरात आहे. तिचे दहा भाग आहेत. त्यांत उचलणं, चालणं, बसणं, उभं राहणं, झोप, प्रवास असं सगळं येतं. प्रत्येक भागाला 0 ते 5 गुण, मग एकूण गुणांचे टक्के काढतात. हे टक्के आणि प्रमाणपत्रावरचे टक्के वेगळे, हे प्रश्नावलीच्या वरच ठळक लिहा. सवलतींसाठी 40 टक्के लागतात हे लोकांना ठाऊक असतं आणि घोळ होतो.

उचलण्याचा प्रश्न मी असा लिहीन: “भरलेलं पोतं जमिनीवरून उचलवतं का? नसेल, तर कमरेएवढ्या फळीवरून उचलवतं का?”