19-14 झाल्यावर पोरगी हरते कशी?

गेल्या काही वर्षांत जळगावातल्या माझ्या समुपदेशनाच्या केबिनमध्ये एक वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की आईवडील खुर्चीत बसले की मला ते आधीच ऐकू येतं. "मॅडम, प्रॅक्टिसमध्ये भारी खेळते, मॅचमध्ये काय होतं कळत नाही." आणि त्याच्या मागोमाग, "डेडिकेशन कमी पडतंय का हो?" म्हणून एकीची गोष्ट सांगते, तिच्या घरच्यांना विचारून आणि ओळख पटेल असं सगळं बदलून.

पंधरा वर्षांची मुलगी, बॅडमिंटन सिंगल्स खेळणारी. वडलांची रावेरकडे केळी, आई आणि ती जळगावात भाड्याच्या खोलीत, कारण हॉल इथे. पहाटे पाचला उठायचं, फूटवर्क, मग शाळा, संध्याकाळी परत कोर्ट. मे महिन्यात पारा 44 वर असतो तरी हॉलचे पंखे बंद, कारण शटल वाऱ्यानं हलतं. आपल्याकडच्या कोरड्या उन्हात पिसं तडकतात म्हणून ही पोरगी रात्री शटलच्या डब्यांना वाफ देऊन ठेवायची, एक डबा दोन दिवस जास्त चालावा म्हणून. डेडिकेशन अजून कसं असतं मला सांगा.

तरी तीन स्पर्धांमध्ये तेच झालं होतं. 21 पॉइंटच्या गेममध्ये 19-14 अशी पुढे, आणि गेम 19-21 ने गेला.

वडील म्हणाले, "गोपीचंद सरांनी रिओच्या आधी तीन महिने सिंधूचा मोबाईल काढून घेतला होता, आम्ही पण घेतला." मी म्हटलं, भाऊ, तेवढंच लक्षात ठेवलं तुम्ही. रिओ ऑलिंपिकला 2016 मध्ये सिंधू फायनलचा पहिला गेम 21-19 जिंकून मॅच हरली. 2017 आणि 2018 ला वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या फायनलमध्ये हरली, आणि 2019 ला बासेलमध्ये त्याच फायनलला जपानच्या ओकुहाराला 21-7, 21-7 हरवलं, 38 मिनिटांत. मोबाईल नसणं सोपं आहे, एवढ्या फायनल हरून परत फायनलला उभं राहणं ते खरं अवघड. ते म्हणाले, "हे बरोबर आहे मॅडम," पण त्यांना पटलं नव्हतं, चेहऱ्यावर दिसत होतं.

मुलीला एकटीला विचारलं, 19-14 वर सर्व्हिस करायच्या आधी तू कुठे बघतेस?

"पप्पांकडे. ते व्हिडिओ काढत असतात. रात्री आम्ही सगळे बघतो."

"आणि मनात काय चालू असतं?"

बोलेना, म्हणून कागद दिला. तिनं चार ओळी लिहिल्या. हा पॉइंट घेतलाच पाहिजे. आता तरी हरायचंच नाही. पप्पांचे पैसे वसूल झालेच पाहिजेत. आज चुकले तर सगळं संपलंच.

मी नुसतं पेननं गोल केले, काही बोलले नाही. ती बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, सगळ्यांत च आहे."

मी विवेकनिष्ठ विचारांची माणूस, म्हणजे मनातले "झालंच पाहिजे" असले हट्ट तपासून बघायला शिकवणारी, हा "च" शोधणं माझं रोजचं काम. जिंकायला आवडेल हे म्हणणं वेगळं आणि जिंकलंच पाहिजे हे वेगळं, दुसऱ्यात हात जड होतो, नेटजवळचा ड्रॉप लांब जातो, सर्व्हिस नेटमध्ये जाते. पण खरी गोष्ट घडली ती पुढच्या वेळेस, वडील आणि मुलगी दोघं समोर असताना.

मी त्यांना सहज विचारलं, केळीचा भाव कोण ठरवतो?

"आपल्या हातात कुठं असतो, बऱ्हाणपूरच्या बाजारात काय निघतो त्याच्यावर."

"मग भाव पडला की बागेचं पाणी बंद करता का?"

"असं कसं मॅडम! पाणी तर द्यावंच लागतं."

आणि पोरगी एकदम, "पप्पा, तुम्ही पण च लावला!"

खोलीत कुणीच काही बोललं नाही. मग वडीलच म्हणाले, सावकाश, "पण मी तो पाण्याला लावला बेटा. भावाला नाही लावला."

खरं सांगते, एवढ्या वर्षांत मी लोकांना "च" काढायला सांगत आले होते, तो कुठे ठेवायचा हे त्या दिवशी माझ्यासमोर इतकं स्वच्छ आलं. पहाटेचं फूटवर्क करायचंच, झोप घ्यायचीच, हा "च" राहू दे. पॉइंटला लावलेला तेवढा काढायचा. नंतर अनेक खेळाडू मुलांना मी हे सांगितलंय, आणि ते लागू पडतं याचं मला मनापासून समाधान आहे.

मग काम सोपं झालं. सिंगल्सच्या मॅचमध्ये शटल हवेत असतं त्यापेक्षा जास्त वेळ ते खाली असतं, आणि मोठा खेळाडू ओळखायचा तो त्या रिकाम्या वेळात. तिनं स्वतःच ठरवलं, रॅली संपली की रॅकेटच्या तारा नीट करायच्या, एक श्वास पूर्ण सोडायचा आणि एकच प्रश्न, पुढची सर्व्हिस कुठे? स्कोअरबोर्डकडे बघायचं नाही आणि पप्पांकडेही नाही. असं केलं की आघाडी जाणारच नाही असं अजिबात नाही. लक्ष्य सेन पॅरिस ऑलिंपिकच्या सेमीफायनलमध्ये डेन्मार्कच्या एक्सेलसनविरुद्ध पहिल्या गेममध्ये 20-17 पुढे होता आणि दुसऱ्यात 7-0, दोन्ही गेले. आघाडी जगातल्या सगळ्यात तयार पोरांचीही जाते, म्हणून आपल्या पोरीला लगेच "कच्ची आहे" म्हणू नका.

आणि आईवडिलांनो, त्या रात्री व्हिडिओ लावू नका. दोन दिवसांनी कोचबरोबर बघू दे. दारातच "जिंकली का?" विचारू नका, आधी जेवायला वाढा. खर्चाचा हिशोब तिच्यासमोर करू नका, तिला तो आधीच पाठ असतो. पण हरल्यावर आठवडे झोप नाही, जेवण नाही, कोर्टाचं नाव काढलं की पोट दुखतं असं दिसलं तर थांबू नका, डॉक्टरला आणि समुपदेशकाला दाखवा.

मध्यंतरी एका स्पर्धेनंतर तिचा फोन आला. तिसरा गेम 22-24 ने गेला होता. हे तिनं नंतर सांगितलं, आधी दहा मिनिटं 20-20 ला उंच सर्व्हिस का केली आणि समोरचीला मागे कसं पळवलं तेच सांगत होती, आवाज उन्हाळी दुपारसारखा तापलेला. मी विचारलं, पप्पा आलेत का?

"नाही मॅडम, आज बागेत पाण्याची पाळी आहे. संध्याकाळच्या गाडीनं येतील."