आईला व्हीलचेअरवरून डायालिसिसला न्यायला १०८ येईल का?

नाही, ठरलेल्या डायालिसिससाठी १०८ मागवू नका. ती अपघात, हृदयविकाराचा झटका अशा तातडीच्या वेळेसाठी आहे, आणि १०२ गरोदर बायका व तान्ह्या बाळांसाठी. मी डायालिसिस केंद्रात काम करते. आमचे बरेच पेशंट ओळखीच्या रिक्षावाल्याशी किंवा खासगी रुग्णवाहिकेशी महिन्याचं ठरवून टाकतात. आधी केंद्रातच विचारा, एकाच भागातले दोघं मिळून गाडी करतात. फोनवर मजला आणि लिफ्ट आहे का ते सांगा. जिन्यावरून उतरवायला दोन माणसं लागतात, त्यांचे पैसे बहुधा वेगळे. परतीचं तर आधीच पक्कं करा, कारण डायालिसिसनंतर बऱ्याचदा बीपी उतरतं आणि काहींना उभंही राहवत नाही. मात्र दम लागला किंवा छातीत दुखलं, तर ठरलेल्या गाडीची वाट न बघता १०८ लावा.