१९६५च्या भारत-पाक हवाई लढाईच्या खेळासाठी भारताच्या नॅट आणि पाकिस्तानच्या सेबर या लढाऊ विमानांचे काउंटर (पटावरच्या चपट्या सोंगट्या) मुंबईत कशावर छापून घ्यावेत?

स्टिकर पेपरवर लेझर प्रिंट काढा आणि २ मिमी जाडीच्या ग्रे बोर्डवर (राखाडी पुठ्ठ्यावर) चिकटवा. नुसत्या ३०० जीएसएम (ग्रॅम प्रति चौरस मीटर) कार्डाचे काउंटर चिमटीत नीट येत नाहीत. इंकजेटची शाई आपल्याकडच्या घामट बोटांनी फिसकटते, म्हणून लेझरच. प्रिंटवाल्याला ‘फिट टू पेज नको, १०० टक्के ठेवा’ असं आवर्जून सांगा. १:३०० प्रमाणात नॅटचे पंख टोकापासून टोकापर्यंत जेमतेम २२ मिमी भरतात, सेबरचे जवळपास ३८. तो चिमुकला आकार हीच तर नॅटची ताकद होती, समोरच्याला ते चटकन दिसायचंच नाही! हा फरक टेबलावर दिसलाच पाहिजे. मात्र पावसाळ्यात एकाच बाजूने स्टिकर लावलेला बोर्ड वाकतो. मागच्या बाजूलाही लावा, रात्रभर वजनाखाली ठेवा आणि मगच स्टीलची पट्टी धरून कटरने कापा.