अयुथयाला पहिल्यांदा जाताय? यादी आधी छाटा

थायलंडच्या या जुन्या राजधानीत एका दिवसात बारा देवळं? नवखे हमखास इथेच फसतात. दुपारनंतर ऊन आणि विटा यापलीकडे काही आठवत नाही. पहिल्या खेपेला तीन पुरेत.

बँकॉकहून सकाळची रेल्वे धरा, सायकल भाड्याने घ्या आणि ऊन चढायच्या आत वाट महाथात (थाई भाषेत ‘वाट’ म्हणजे देऊळ) गाठा. झाडाच्या मुळांत गुरफटलेलं बुद्धाचं मस्तक तिथेच आहे. फोटो खाली बसून काढायचा. आपलं डोकं त्या मस्तकापेक्षा वर नको. शिर नसलेल्या मूर्तीमागे उभं राहून स्वतःचं तोंड जोडायचा चावटपणा तर मुळीच नको. १७६७ मध्ये ब्रह्मी सैन्याने हे शहर उद्ध्वस्त केलं, पण लोकांची श्रद्धा अजून शाबूत आहे.

मग वाट फ्रा सी सानफेत, जुन्या राजवाड्याच्या आवारातलं, तीन उंच स्तूपांचं. नदीपलीकडचं वाट चायवत्थनाराम (बांधकाम १६३० पासूनचं) संध्याकाळसाठी राखून ठेवा. तिरप्या उन्हात विटा तांबूस उजळतात, माझं सगळ्यात लाडकं.

बाकी सामान थोडकंच:
- खांदे-गुडघे झाकणारे सुती कपडे
- टोपी, भरपूर पाणी
- सुटे पैसे

स्तूपांचे प्रकार, ख्मेर शैली वगैरे आत्ता डोक्यात भरू नका. जाऊन आलात की विचारा, सविस्तर सांगतो.