शब्दांच्या शंका : धैर्य, धीर आणि धाडस

प्रश्न : माझा नातू सहावीत आहे. 'धैर्य' या शब्दाचे दोन समानार्थी शब्द लिहा, या प्रश्नाला त्याने 'धीर' आणि 'हिंमत' अशी उत्तरे लिहिली. बाईंनी 'हिंमत'ला बरोबरची खूण केली, 'धीर'वर फुली मारली आणि शेजारी लाल शाईने 'धाडस' असे लिहून दिले. धीर म्हणजे धैर्य नव्हे काय? (एक आजोबा, सांगली)

उत्तर : नातवाचा गुण कापला गेला असेल, तर तो त्याला परत मिळायला हवा. 'धैर्य' हा शब्द 'धीर'पासूनच झालेला आहे. संस्कृतात 'धीर' हे विशेषण असून त्याचा अर्थ स्थिर, न डळमळणारा असा होतो. शूरचे शौर्य, मधुरचे माधुर्य आणि सुंदरचे सौंदर्य ज्या रीतीने होते, त्याच रीतीने धीरचे धैर्य झाले. मराठीने पुढे त्या विशेषणालाच नाम केले, म्हणून 'त्याचा धीर खचला' असे आपण म्हणतो, आणि जुने विशेषण 'धीरगंभीर', 'धीरोदात्त' अशा जोडशब्दांपुरते उरले. सख्ख्या नात्याचा शब्द चूक आणि शेजारचा तेवढा बरोबर, हा न्याय काही पटण्यासारखा नाही.

बाईंच्या मनात काय आले असावे, तेही मात्र कळते. 'सैनिकाने धैर्य दाखवले' असे आपण लिहितो, 'धीर दाखवला' असे लिहीत नाही. एकाच्या जागी दुसरा बसत नाही म्हणून तो समानार्थी नाही, असा त्यांचा हिशेब असेल. पण ही कसोटी लावायची तर त्यांचा स्वतःचा 'धाडस'ही तिच्यात नापास होईल. या गटातले शब्द ओळखायचे ते त्यांच्या क्रियापदांवरून. धीर धरतात, देतात, तो सुटतो, खचतो. धैर्य दाखवतात, एकवटतात. हिंमत करतात, बांधतात, हरतात. धाडस करतात. दवाखान्यात बसलेल्या नातेवाइकाला आपण धीर द्यायला जातो, धाडस द्यायला कोणी जात नाही, कारण धीर ही मनाची टिकून राहण्याची शक्ती आहे आणि ती दुसऱ्याच्या आधाराने वाढते, तर धाडस ही कृती आहे आणि ती ज्याची त्यालाच करावी लागते.

गावाकडे विहिरीत पोहायला शिकलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. पाठीला सुका भोपळा बांधलेला मुलगा काठावर उभा असतो आणि काका पाण्यातून ओरडत असतो, "टाक उडी, एवढी हिंमत नाही का तुझ्यात?" मुलगा म्हणतो, "काका, छाती होत नाही." शेवटी डोळे मिटून तो उडी टाकतो, ते धाडस. नाकातोंडात पाणी जाऊन तो घाबरा होतो तेव्हा काकाच्या तोंडून निघते, "धीर सोडू नकोस, हातपाय मार." तिथे 'धाडस सोडू नकोस' हे शब्द कोणाच्या जिभेवर येणारच नाहीत. आणि दुसऱ्या दिवशी हाच मुलगा कोणी नसताना भोपळ्याशिवाय उडी टाकून आला, तर घरी त्याला धाडसी न म्हणता आगाऊ म्हणतात व पाठीत एक धपाटाही घालतात.

समानार्थी शब्दांच्या याद्यांत हमखास आढळणाऱ्या 'साहस'चा पूर्वेतिहास तर फारच वेगळा आहे. 'सहस्' म्हणजे बळ, आणि बळजोरीने केलेले कृत्य ते साहस. धर्मशास्त्रात साहस हा गुन्ह्याचा प्रकार आहे आणि दंडाच्या पायऱ्यांनाही तेच नाव आहे. मनुस्मृतीत प्रथम, मध्यम आणि उत्तम साहस म्हणजे अनुक्रमे २५०, ५०० आणि १००० 'पण' (त्या काळचे एक नाणे) इतका दंड होय. आज गिर्यारोहणाच्या शिबिरांना आपण कौतुकाने 'साहस शिबिर' म्हणतो, ते जुन्या न्यायाधीशाने ऐकले असते तर त्याने आधी दंडाची रक्कम विचारली असती. 'नसते साहस करू नकोस' या वाक्यात मात्र जुना ठपका अजून शिल्लक आहे. त्यामुळे धैर्याला साहस हा पर्याय मी सर्वांत शेवटी देईन.

उलट, याद्यांतून हल्ली गळालेला 'धारिष्ट' हा शब्द मुलांना अवश्य द्यावा. तो संस्कृत 'धार्ष्ट्य'वरून आला, आणि त्या मूळ शब्दात धीटपणाबरोबर थोडा उद्धटपणाही होता. मराठीत येता येता तो निवळला. समर्थ रामदासांनी मनाच्या श्लोकांत 'मना श्रेष्ठ धारिष्ट जीवीं धरावें' असे म्हणून लगेच 'मना बोलणें नीच सोशीत जावें' असे म्हटले आहे. म्हणजे तिथे धारिष्ट लागते ते चढाई करायला नव्हे, तर दुसऱ्याचे हलके बोलणे सोसायला. हा अर्थ धीराच्या अगदी जवळचा आहे. शौर्य आणि पराक्रम हे रणांगणावरचे शब्द. रोजच्या धैर्याला ते मोठे होतात.

प्रश्न : आमच्या कित्येक पिढ्या इंदूरला गेल्या, सून हिंदीभाषक आहे आणि हौसेने मराठी बोलते. परवा चहाला उशीर झाला म्हणून मी दोनदा हाक मारली, तर ती म्हणाली, "आई, थोडे धैर्य ठेवा." मला हसू आले आणि थोडा रागही आला. चूक कोणाची? (एक वाचक, इंदूर)

उत्तर : चूक कोणाचीच नाही. हिंदीत 'धैर्य' हा शब्द प्रामुख्याने सबुरीसाठी वापरतात. 'धैर्य रखिए' म्हणजे जरा थांबा. मराठीत तो अर्थ 'धीर'कडे राहिला, म्हणून उतावळ्या माणसाला 'धीर निघत नाही'. धैर्य मात्र आपल्याकडे संकटापुढे उभे राहू लागले, आणि चहाच्या उशिराला कोणी संकट म्हणत नाही. सूनबाईंना "आई, जरा धीर धरा" एवढे शिकवावे. असाच चकवा 'ढाढस'चाही आहे. कानाला तो आपल्या धाडसासारखा वाटतो, पण हिंदीत 'ढाढस बँधाना' म्हणजे दिलासा देणे. त्यांच्या माहेरी कोणी दुःखात असताना हा शब्द ऐकलात, तर गैरसमज करून घेऊ नये.

प्रश्न : 'हिंमतीने' लिहावे की 'हिमतीने'? 'हिम्मत' चालेल का? (एक मुद्रितशोधक, पुणे)

उत्तर : मूळ अरबी शब्द फारसीतून आपल्याकडे आला आणि त्याचा जुना अर्थ उच्च संकल्प, मनाची उमेद असा होता. मराठी लेखनात 'हिंमत' रूढ आहे. 'हिम्मत' हे हिंदीचे वळण आहे. किंमत, गंमत आणि हिंमत ही तिन्ही स्त्रीलिंगी नामे एकाच चालीने चालतात, म्हणजे सामान्यरूपात त्यांचा अनुस्वार जातो. म्हणून किमतीला, गमतीने आणि हिमतीने असे लिहावे. 'हिंमतवान', 'हिंमतबहाद्दर' यांत सामान्यरूप होत नाही, तेव्हा तिथला अनुस्वार कापू नये.