बारची भिंत, पोट्ट्यांची मेहनत

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रं एकाच विषयावरची निघाली, वस्तीतले बार अन् त्यांच्या भिंतींवर चित्रं काढणारी आपली पोरं. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या महिन्यावर ढकलले आणि ही तिन्ही एकत्र घेतली.

प्रश्न : ताई, मी 22 वर्षांचा आहे, चित्रकला महाविद्यालयातून आत्ताच बाहेर पडलो. आमच्या वस्तीत एक बार आहे, मालक चांगला माणूस आहे, शनिवारी पोट्ट्यांना गिटार वाजवू देतो, कोणाची चित्रं असली तर आत लटकवू देतो, विकली तर त्यातलं काही कापत नाही. आता तो म्हणून राहिला की बाजूची मोठी भिंत तुला देतो, जे काढायचं ते काढ, रंगाचे पैसे माझे, आणि काम चालू आहे तोवर तुझं अन् तुझ्या मित्रांचं जेवण अन् दारू माझ्याकडून. मजुरीचं विचारलं तर म्हणे अरे हजार लोक पाहतील, इन्स्टावर फोटो फिरतील, पुढची कामं आपोआप येतील. मित्र म्हणतात हो म्हण, घरचे म्हणतात फुकटात राबू नको. काय करू?

उत्तर : हो म्हण, पण मजुरी ठरवून म्हण.

तुझा मालक चांगला आहे हे मला पत्रावरूनच पटलं. विकलेल्या चित्रातून काही न कापणारा माणूस सोपा नाही सापडत. नागपुरात नुकत्याच पास झालेल्या पोराला आपलं काम लोकांना दाखवायचं म्हटलं तर जागा किती आहेत? सिव्हिल लाइन्सला दक्षिण मध्य सांस्कृतिक केंद्राची गॅलरी आहे, आणखी मोजक्या एकदोन, तिथं नंबर लागायचा तेव्हा लागतो आणि पाहायला येणारे पुन्हा आपलेच क्लासमेट. रस्त्यावरची भिंत मात्र भाजीवाला पाहतो, शाळेतून येणारी पोरं पाहतात, रात्री परमिट रूममधून निघालेला माणूसही दोन मिनिटं थांबून पाहतो. हे मोठं आहे, याला मी कमी लेखत नाही.

पण त्याच मालकाचा बिअरचा फ्रीज बिघडला तर तो मेकॅनिकला काय म्हणतो? जेवून जा, लोक तुझं काम पाहतील, असं म्हणतो का? नाही म्हणत, गल्ल्यातून पैसे काढून देतो. तुझंही तसंच आहे, तू त्याच्या भिंतीवर आठदहा दिवस उन्हात उभा राहणार आहेस. त्याला हे भांडून सांगू नको, हिशोब मांडून सांग. भिंत मोजून घे. समज 20 फूट बाय 12 फूट आहे, म्हणजे 240 चौरस फूट. बाहेरचं इमल्शन दोन हात मारायचं तर एक लिटर साधारण 50 ते 60 चौरस फुटांना पुरतं, म्हणजे नुसता बेसचाच रंग चार ते पाच लिटर, वर प्रायमर, वर चित्राचे रंग, ब्रश, रोलर, बांबूच्या परांचीचं भाडं, हाताखाली एक पोरगा असला तर त्याची रोजी. हे सगळं एका कागदावर लिही आणि त्याखाली तुझी स्वतःची रोजी लिही, तुझ्या वस्तीतला चांगला घर रंगवणारा पेंटर दिवसाचे जितके घेतो त्यापेक्षा एक रुपया कमी लिहू नको. मग बयाणा माग, निदान सामानाचे अन् दोन दिवसांच्या रोजीचे. मालकाला एकदम जमत नसंल तर हप्ते पाड, किंवा भिंतीचा अर्धाच भाग घे, पण शून्यावर येऊ नको. एकदा तू फुकट केलं की त्या रस्त्यावरचा दुसरा बारवाला तुझ्या ज्युनिअरला तेच सांगणार, पाहा त्यानं तर जेवणावर केलं.

आणि दारूवर तर बिलकुल नाही. तू 22 चा आहेस. महाराष्ट्रात माइल्ड बिअर अन् वाइनला 21 वर्षं पूर्ण लागतात, रम-व्हिस्कीला 25. म्हणजे रम-व्हिस्की घ्यायचा परवाना तुला आज मिळतच नाही, अन् ती तो तुला पाजत असंल तर त्याच्या लायसनलाही ते धोक्याचं आहे. परांचीवर चढणाऱ्या माणसाला दारू द्यायची नसते हे तर वेगळं सांगायला नको. संध्याकाळी काम संपल्यावर जेवण घालतोय तर आनंदानं जेव, सावजी असंल तर दोन पोळ्या जास्तच घे, पण ते पाहुणचारात धर, मजुरीत नको.

आता कागदाचं. हे मी जरा सविस्तर सांगते कारण पोरं इथंच फसतात. आपल्याकडचा कॉपीराइट कायदा 1957 चा आहे, त्याच्या कलम 17 मध्ये असं आहे की कोणी पैसे देऊन आपल्यासाठी चित्र काढून घेतलं आणि वेगळा करार केला नाही, तर चित्राचा पहिला कॉपीराइट पैसे देणाऱ्याचा. म्हणजे उद्या मालकानं तुझं चित्र टी-शर्टवर छापलं, मेन्यूकार्डावर टाकलं, तर तुला विचारायची त्याला गरज नाही. म्हणून साध्या कागदावर दोन ओळी लिहून दोघांच्या सह्या घे, कॉपीराइट चित्रकाराकडे राहील, मालकानं भिंतीचे फोटो आपल्या पानावर टाकायला हरकत नाही, वस्तूंवर छापायचं असंल तर वेगळे पैसे. मालक चांगला असंल तर पाच मिनिटांचं काम आहे.

एक हक्क मात्र कागद नसला तरी तुझाच राहतो, कलम 57 चा. चित्र तुझं आहे असं म्हणायचा हक्क, आणि तुझं नाव खराब होईल अशी त्या चित्राची मोडतोड कोणी केली तर अडवायचा किंवा भरपाई मागायचा हक्क. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं ब्राँझचं मोठं भित्तिशिल्प 1979 मध्ये काढून टाकलं होतं, ते सरकारविरुद्ध कोर्टात गेले अन् दिल्ली हायकोर्टानं 2005 मध्ये त्यांच्या बाजूनं निकाल दिला, राहिलेले तुकडे परत करा आणि 5 लाख भरपाई द्या म्हणून. किती वर्षं गेली पाहा त्यात. एवढी वर्षं तुझ्याकडेही नाहीत, माझ्याकडेही नाहीत, म्हणून आधीच ठरवून घे की चित्र किमान किती दिवस राहील आणि पुसायचं झालं तर मालक तुला आधी सांगंल.

हे मी माझ्या अनुभवावरून सांगून राहिली. बऱ्याच वर्षांपूर्वी एका खानावळीच्या भिंतीवर मी तेवीस दिवस काम केलं होतं, आणि सहा महिन्यांनी तिथून गेली तर चित्राच्या मधोमध खिळे ठोकून वाढदिवसाचं फ्लेक्स लावलेलं. मालकाला वाटलं फ्लेक्स निघंल, चित्र तर खालीच आहे. मी घरी येऊन रडली. चित्र गेलं याचं नव्हतं तेवढं, आपल्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीत बडगे, म्हणजे मोठाले पुतळे, निघतात तेव्हा पोरं दिवसदिवस राबून बनवलेले बडगे इतवारीतून मिरवून शेवटी जाळतातच की, 1880 च्या दशकापासून चालू आहे ते, अन् कोणी रडत नाही, कारण बनवणाऱ्याला पहिल्या दिवसापासून माहीत असतं की हे जळणार आहे. मला कोणी सांगितलं नव्हतं. तुला कोणीतरी सांगितलं पाहिजे, म्हणून तो कागद.

शेवटचं, भिंतीबद्दल. काम आत्ता मे महिन्यात घेऊ नको. 45 च्या वर पारा गेला की दुपारी भिंतीला हात लावता येत नाही, रंग ब्रशवरच वाळतो, थर नीट धरत नाही. पावसाळ्यानंतर भिंत पूर्ण सुकू दे, नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात चांगलं. प्लास्टर नवीन असंल तर महिनाभर थांब. खाली लोणा धरला असंल तर आधी खरवडून त्याचा बंदोबस्त करायला लाव, नाहीतर पहिल्याच पावसात पापुद्रे निघतील आणि लोक नाव तुझं घेतील. भिंत पश्चिमेची असंल तर भडक लाल-पिवळे लवकर उडतात, गेरू अन् पिवळ्या मातीचे रंग टिकतात, चित्र ठरवतानाच हे धर.

प्रश्न : मी स्वतः परमिट रूम चालवतो, तीस वर्षांचं जुनं दुकान आहे, वडिलांपासूनचं. शेजारच्या गल्लीतली पोरं चांगली चित्रं काढतात, त्यांना काहीतरी करावं असं मनात आहे. बाहेरची भिंत त्यांना द्यायची आहे. एक कंपनीवाला म्हणतो आमच्या बाटलीचं चित्र त्यात घ्या, सगळा खर्च आम्ही करतो. घेऊ का? आणि परवानगी लागते का?

उत्तर : भाऊ, बाटली घेऊ नका. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम 1949 चा आहे आणि त्यात दारूच्या जाहिरातीला बंदी आहे, रस्त्यावरच्या भिंतीवर ब्रँडची बाटली म्हणजे सरळ जाहिरात, उद्या एक्साइजवाले आले तर कंपनीचा माणूस फोन उचलणार नाही. दुसरं म्हणजे कंपनीच्या पैशात पोरांना स्वतःचं काही काढायला मिळणार नाही, ते लोगो रंगवणारे होतील. तुमचा हेतू तो नाही ना.

परवानगीचं म्हणाल तर भिंत तुमच्या मालकीची की भाड्याची ते आधी पाहा. भाड्याची असंल तर घरमालकाचं लेखी घ्या. भिंत किंवा कंपाउंड महापालिकेचं असंल, किंवा वीज मंडळाचा डबा त्यात येत असंल, तर तिथं हात लावू नका, मालमत्ता विद्रूपणाचा 1995 चा कायदा आहे आपल्याकडे, पोरांवर केस होऊ शकते. मार्च 2023 मध्ये जी-20 मधल्या नागरी संस्थांच्या गटाची, म्हणजे सी-20 ची, बैठक नागपुरात होती तेव्हा शहरभर भिंती रंगल्या, त्यामुळे पुष्कळ पोरांना वाटतं की आता कुठंही रंगवलं तरी चालतं, तसं नाहीये.

आणि पोरांना काय काढायचं ते काढू द्या. बल्लारशा अन् चंद्रपूर स्टेशनांच्या भिंती पाहिल्यात का तुम्ही? ताडोबाचे वाघ, जंगल, तिकडचीच माणसं रंगवणारी, अन् 2018 मध्ये रेल्वेच्या सुंदर स्टेशनांच्या स्पर्धेत त्यांचा पहिला नंबर आला. चित्र त्या जागेचं होतं म्हणून लोकांनी आपलं मानलं. तुमच्या गल्लीत काय आहे ते पोरांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. तुम्ही फक्त रोजी वेळेवर द्या, आणि खालच्या कोपऱ्यात चित्रकाराचं नाव तुमच्या बोर्डाइतकं नाही तरी वाचता येईल एवढं मोठं लिहू द्या. एक जुना पेंटरही सोबत घ्या जमलं तर, फ्लेक्स आल्यावर ज्यांची कामं गेली ते बोर्ड रंगवणारे अजून आहेत इतवारी-महालात. सुताला रंग लावून सरळ रेघ कशी मारायची, उंचावरचं अक्षर खालून बरोबर कसं दिसंल, हे त्यांना जे येतं ते कॉलेजात कमीच शिकायला मिळतं. पोरांना शिकायला मिळंल आणि त्या माणसाला चार दिवस काम.

प्रश्न : माझी मुलगी चित्रकलेच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ती आणि तिच्या मैत्रिणी एका बारच्या भिंतीवर चित्र काढून राहिल्या आहेत. पैसे मिळतात, मालक व्यवस्थित बोलतो. पण नातेवाईक म्हणतात मुलगी बारमध्ये जाते. मी तिला थांबवू का?

उत्तर : नका थांबवू, ताई. ती बारमध्ये जात नाही, बारच्या भिंतीवर काम करते, आणि त्याचे पैसे घेते. नातेवाइकांना हे एकदा नीट सांगा, दोनदा सांगायची गरज नाही.

मेक्सिकोत पुल्के नावाची एक दारू असते, आपल्याकडं जशी शिंदी तशी झाडाच्या रसाची, अन् तिचे गल्लोगल्ली गुत्ते असायचे. त्यातल्या 'ला रोसिता' नावाच्या गुत्त्याची भिंत 1943 मध्ये तिथल्या प्रसिद्ध चित्रकार फ्रिदा काहलो यांच्या विद्यार्थ्यांनी रंगवली, बाईंनीच त्यांना तिथं काम करायला नेलं होतं. त्यांना शिकवायला शाळा होती, तरी त्यांनी रस्ता निवडला, कारण रस्त्यावर काढताना येणारे-जाणारे तोंडावर बोलतात की हे हाताचं चुकलं अन् हे जमलं. तुमच्या मुलीलाही तेच मिळून राहिलं. आपल्याच चितारओळीत पिढ्यानपिढ्या घरच्या बायका मूर्तींना रंग देत आल्या, तेही रस्त्याला लागूनच्या उघड्या दुकानांत, तिथं कोणी बोट दाखवलं नाही.

काळजी घ्यायची ती वेगळी घ्या. काम सकाळी सहा ते अकरा, बार उघडायच्या आधी, उन्हाच्याही दृष्टीनं तेच बरं. मुली तिघी असतील तर तिघींनी सोबत, एकटीनं परांचीवर नाही. चप्पल नको, बूट. बाथरूमची सोय मालकाला आधीच विचारून ठेवा, पोरी संकोचानं पाणी कमी पितात आणि उन्हात आजारी पडतात, हे मी दरवर्षी पाहते. आणि एखाद्या सकाळी तुम्हीच डबा घेऊन जा तिथं. तर्री-पोहे न्या चौघींपुरते. मुलगी वरून सांगंल, आई, खालून पाहून सांग डोळे सरळ आहेत का, तेव्हा रस्त्याच्या पलीकडं जाऊन नीट पाहून सांगा.